पहिला नंबर रिकामा

हे आत्ताच्या आत्ता सांगून टाकायला हवं, कारण चार वाजता मुलं येतील, मशीनवरची कव्हरं काढतील आणि विचारतील, "सर कुठे?" आता पावणेदोन झालेत. मराठीत माझा वेग मिनिटाला पंचेचाळीस शब्द आहे, त्यामुळे तोपर्यंत होईल. मध्ये कुठे मोकळी जागा दिसली तर ती तशीच राहू दे. मशीन बिघडलेलं नाही.

सकाळी साळवीसरांचा भाचा किल्ली देऊन गेला. जिन्यातच उभा राहिला, वर आला नाही.

"मामा गेला चिपळूणला, ताईकडे," म्हणाला. "आता नाय शिकवायचा."

"असं अचानक? काही निरोप?"

"किल्ली मयेकरला दे म्हणाला. बस."

मयेकर म्हणजे मी. शुभा. पण तीन वर्षांत सरांनी मला एकदाही शुभा म्हटलं नाही. ते सगळ्यांना आडनावानेच हाक मारायचे, ऑफिसात मारतात तशी. सोळा वर्षांची पोरगी परकर सावरत पहिल्यांदा मशीनवर बसली तरी, "घाणेकर, हात खाली. मनगट टेकवायचं नाही." घाणेकर बिचारी दोन दिवस तिच्या वडिलांना शोधत होती.

आमची टायपिंग इन्स्टिट्यूट म्हणजे पाध्येकाकूंच्या घराचा वरचा मजला. बारा मशीनं, त्यातली दहा चालू. खिडकीतून समोर एसटी स्टँड. साळवीसर कोर्टातून निवृत्त होऊन इथे शिकवायला आले होते. तीस वर्षं टायपिस्ट, कोकणातल्या तीन-चार कोर्टांत. कुठल्या ते मी लिहीत नाही. उंच, खांद्यात वाकलेले, पांढऱ्या शर्टाच्या दोन्ही बाह्या मनगटापर्यंत बंद, मे महिन्यातसुद्धा. मशीनवर बसायच्या आधी किजवर एकदा हळूच फुंकर मारायचे. आम्ही त्यांना हसायचो आणि मग आम्हीही मारायला लागलो. अजूनही मारतो. हे लिहायच्या आधी मी मारली.

त्यांची शिकवायची एक पद्धत होती, ती मला दुसऱ्या कुठल्या इन्स्टिट्यूटमध्ये ऐकायला मिळालेली नाही. डिक्टेशन देताना ते वाक्याच्या मधेच थांबायचे. दोन-चार सेकंद नाही, चांगले अर्धा अर्धा मिनिट. "आपल्या दिनांक पाच रोजीच्या पत्राच्या..." आणि गप्प. आता पुढे "अनुषंगाने" येणार हे कुणालाही कळतं. पहिल्याच आठवड्यात मी टाईप करून मोकळी झाले.

सर माझ्यामागे येऊन उभे राहिले. "मयेकर, मी बोललो का अनुषंगाने?"

"नाही सर. पण तेच येणार होतं ना."

"मी आता म्हणणार होतो, पत्राच्या उत्तराची वाट बघून थकलो." आणि कागद ओढून काढून टरकावला. अख्खा वर्ग हसला. सर नाही हसले.

तर हे सर, आणि त्यांची यादी.

पाध्येकाकूंनी दोन वर्षांपूर्वी टीव्ही घेतला. ब्लॅक अँड व्हाईट, लाकडी दारं असलेला. रविवारी सकाळी अकराला एक मालिका लागायची. कधी पोलिसांच्या गोष्टी, त्या संपल्या की काही महिने हेरांच्या, परत पोलिसांच्या. आम्ही नावंच ठेवली होती, पोलिसवाली आणि हेरवाली. आम्ही सात-आठ जण काकूंच्या माजघरात सतरंजीवर, काकू पाटावर भाजी निवडत, सर एकटे खुर्चीवर. आणि आमच्यातला शकील काझी कौलांवर, अँटेना धरून.

"आला काय?"

"आला, आला. थांब. गेला."

"आता?"

"आता दोन दोन माणसं दिसतायत."

"अगो, हेरवाली हाय, त्यात दोन दोनच असतात," शकील वरून ओरडायचा.

मालिकेचे लेखक तीन-चार होते. सरांना त्यातला एकच मोजायचा होता. दिवाकर ताम्हाणे. नाव पडद्यावर दोन सेकंद यायचं, तेवढ्यात सर ते वाचायचे. दुसरा कुणी असला तर खुर्चीतून उठून काकूंच्या मागच्या पडवीत जाऊन बसायचे, पेपर वाचत. ताम्हाणे असला की मनगटावरचं घड्याळ काढून समोरच्या स्टुलावर ठेवायचे. काचेची बाजू वर. आणि अर्धा तास एक शब्द बोलायचे नाहीत.

सोमवारी इन्स्टिट्यूटच्या बोर्डावर नवी यादी लागायची. सरांनी स्वतः टाईप केलेली, तीन रकाने, क्रमांक, भाग, शेरा. ताम्हाणेचे आजवरचे सगळे भाग, चांगल्यापासून वाईटापर्यंत. नवा भाग आला की सगळ्यांची जागा हलायची आणि सर पूर्ण यादी पुन्हा टाईप करायचे. खाडाखोड करून कधी नाही.

मला ती यादी जवळजवळ पाठ आहे. दोन नंबरला "बर्फाचा कारखाना", शेरा: चौकीदार एकोणीस सेकंद गप्प, मग खोटं बोलतो. खरा माणूस. तीनवर "रेडिओ दुरुस्तीवाला", तो हेरवाल्यातला. शेरा: हेराचे हात थरथरतात. थरथरायलाच हवेत. पार खाली, सोळा नंबरला, "रात्रीची टॅक्सी". तो आम्हाला सगळ्यांना बेफाम आवडला होता, शेवटी गुन्हेगार भर कोर्टात उभा राहून सगळं कबूल करतो, काकू तर डोळे पुसत होत्या. सरांचा शेरा: असे कोणी सांगत नाही.

"सर, टॅक्सी सोळावर?" शकील भांडायला उभा. "तो शेवट बघितलात काय? माझ्या अंगावर काटा आला. आणि मी कौलांवर होतो, मी तर फक्त ऐकला."

"काझी, मी तीस वर्षं कोर्टात बसलो. एकाने पण असं भाषण केलं नाही."

"टीव्हीत कोर्ट वेगळं असतं, सर."

"ताम्हाणेला खरं कोर्ट माहीत आहे. बर्फाच्या कारखान्यात त्याने दाखवलं ना. मग टॅक्सीत आळस केला." सर खरंच दुखावल्यासारखे बोलायचे, घरातल्या माणसाने काही केल्यासारखं.

आणि एक नंबर? एक नंबर रिकामा. यादी दोनपासून सुरू. आकडा १ टाईप केलेला, पुढे काही नाही.

"एक नंबर का नाय दिला कुणाला?" काकूंनी एकदा विचारलं.

"त्याने अजून लिहिला नाही."

"नि लिहिल्यावर तुम्हाला कसं कळणार, हाच तो?"

"कळेल," सर म्हणाले आणि घड्याळ मनगटावर बांधायला लागले.

आम्हाला ही सगळी गंमत वाटायची. घड्याळ कशासाठी, तर भागातली माणसं किती वेळ गप्प बसतात ते मोजायला. दुसऱ्याही गमती होत्या. सर पुढच्या जिन्याने कधी यायचे नाहीत. राम आळीतून वळसा घालून काकूंच्या मागच्या दाराने, न्हाणीघराजवळून, वाळत घातलेले कपडे बाजूला सारत यायचे.

"साळवी, पुढचा जिना पडला काय?" काकू रोज विचारायच्या. "मी सोवळ्यात असते मागे."

"तुमचं सोवळं मला दिसत नाही, काकू. चष्मा खिशात असतो."

आणि त्यांची छत्री. एक काडी मोडलेली, एक बाजू कावळ्याच्या पंखासारखी लोंबणारी. तीन पावसाळे तशीच. डावा खांदा कायम भिजलेला. आणि आमच्या पुढच्या जिन्याखालीच काशिनाथ बसतो, छत्र्या आणि स्टो दुरुस्त करणारा. पन्नाशीचा असेल, केस पार पांढरे, बोलत नाही फारसा. वर टायपिंग आणि खाली त्याच्या स्टोच्या पंपाचा आवाज, दोन्ही दिवसभर चालू.

"सर, द्या ना छत्री, मी काशिनाथकडे टाकते. दहा मिनिटांचं काम."

"राहू दे मयेकर."

"अहो, पण जिन्याखालीच तर आहे तो."

"राहू दे म्हटलं ना." एवढ्या जोरात त्यांनी मला कधी झापलं नव्हतं.

आता गेल्या मे महिन्यातलं. परीक्षा झाली होती, वर्ग बंद होते. मी चाळीसच्या परीक्षेत जिल्ह्यात वरच्या नंबरात आले होते आणि काकूंनी मला सरांच्या हाताखाली शिकवायला ठेवलं होतं. दुपारी सर मागच्या दाराने आले आणि म्हणाले, "एक पत्र लिहायचं आहे. ताम्हाणेला. तू टाईप कर."

"तुम्ही स्वतः केलंत तर जास्त लवकर होईल, सर."

"मला सांगायचं आहे. टाईप करायचं नाही." मग म्हणाले, "मी थांबलो की स्पेसबार दाबायचा. मी परत बोलेपर्यंत दाबत राहायचं. ओळ संपली तर खालच्या ओळीवर जायचं."

"म्हणजे कोरी जागा सोडायची?"

"जेवढी होईल तेवढी सोडायची."

तीन दुपारी आम्ही ते करत होतो. सर खिडकीला पाठ करून उभे.

ते म्हणाले, कोर्टात वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो. पण कागदावर प्रश्न येत नाही. न्यायाधीश दोन्ही ऐकून त्याचं एक वाक्य करून टायपिस्टला सांगतात. साक्षीदार आपणहून बोलत गेला असं वाटेल असं वाक्य. "मी त्या दिवशी घरी होतो. मी आवाज ऐकला." शेवटी एक ओळ असते, "वाचून दाखवले, बरोबर आहे." तिच्याखाली सही, नाहीतर अंगठा. वर्षानुवर्षं असंच चालतं, त्यात कुणाची लबाडी नसते.

मग एक खटला. खाडीकाठच्या एका गावात पहाटे एक होडी जळाली. होडीवाल्याचं त्याच्या खलाशाशी भांडण झालेलं, म्हणून खलाशाला धरला. बघणारी एकच, होडीवाल्याच्या भावाची बायको. विशीतली. कोर्टात वकिलाने तिला विचारलं, जाळणारा माणूस इथे आहे का?

इथे सर थांबले. मी स्पेसबार दाबत राहिले. ओळ संपली, घंटी वाजली, खालची ओळ. परत घंटी. खालून स्टोच्या पंपाचा आवाज येत होता.

"ती गप्प," सर म्हणाले. "होडीवाला आणि त्याचे भाऊ मागच्या बाकावर. ती त्यांच्याकडे बघत होती. आरोपीकडे एकदाही नाही. तिच्या डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ होतं. मी घड्याळाकडे बघत होतो, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. एक मिनिट आणि पन्नास सेकंद. मग ती म्हणाली, हा."

परत घंटी. परत खालची ओळ.

"साहेबांनी सांगितलं, मी आरोपीला होडी जाळताना पाहिले, तो आज कोर्टात हजर आहे. मी टाईप केलं. वाचून दाखवले, बरोबर आहे. अंगठा नीट उठला नाही, हात ओला होता तिचा. मी तिचा हात धरून परत उठवला."

मी टायपिस्टने विचारू नये ते विचारलं. "पण सर, तुम्ही तर साहेबांनी सांगितलं तेच केलंत."

"साक्षीदार कशी वागली ते लिहायची सोय असते, मयेकर. 'साक्षीदार बराच वेळ गप्प राहिली.' एवढी ओळ. साहेब चांगले होते, मी नुसतं म्हटलं असतं तर लिहिली असती. पण त्या दिवशी तीस कामं होती आणि मला ती संपवायची होती. संपली पण. साहेब म्हणाले, साळवी, तुमच्या वेगामुळे झालं. मला बरं वाटलं." मग म्हणाले, "हे पण टाईप कर. बरं वाटलं हे."

खलाशाला सात वर्षांची शिक्षा झाली. अपील केलं, ते फेटाळलं. "वरच्या कोर्टात माणूस जात नाही. कागद जातो. आणि कागदावर ती एक सेकंद पण थांबलेली नाही."

"त्याने जाळली नव्हती ना?"

"मला माहीत नाही. जाळली पण असेल. मला एवढंच माहीत आहे, की ती गप्प होती. बाकी सगळे विसरले असतील. ते कुठेतरी नोंदवलं जायला हवं, आणि ताम्हाणेला ते जमेल. बर्फाच्या कारखान्यात जमलं त्याला."

तेव्हा मला एक नंबर कळला.

"तो खलाशी आता कुठे असतो, सर?"

सर वळले आणि खिडकीतून खाली बघितलं. खाली पंपाचा आवाज थांबला आणि स्टो भस्कन पेटला.

ते मी टाईप केलं नाही.

आता माझं सांगते. हे सांगायचं म्हणूनच बसले आहे.

रफ अकरा पानं झालं. सर दोन दिवस चिपळूणला गेले होते, मला म्हणाले होते, तोवर फेअर कॉपी कर. मी ती पानं समोर घेतली आणि मला ती लाजिरवाणी वाटली. अर्धी पानं मोकळी. वाक्य मधेच तुटलेलं, मग चार ओळी काही नाही, मग एकच शब्द. एवढा मोठा लेखक, टीव्हीवर नाव येणारा, त्याला असं भोकाभोकांचं पत्र कसं पाठवायचं? त्याला वाटेल, रत्नागिरीत कुणाला धड टाईप करता येत नाही. मी सगळं नीट केलं. मोकळ्या जागा मिटवल्या, तुटलेली वाक्यं जोडली, "हे पण टाईप कर" वगैरे काढलं. "बरं वाटलं" पण काढलं, कारण ते सरांना शोभत नव्हतं. "प्रश्न विचारल्यावर ती काही वेळ शांत राहिली व नंतर होकारार्थी उत्तर दिले." असं केलं मी. अकराची पाच पानं झाली. एकही खाडाखोड नाही, समास सुतात. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर टायपिंग होतं ते, आणि सर त्यावर काय म्हणतात म्हणून मी दोन दिवस जिन्याकडे कान लावून होते.

सरांनी ती पानं खिडकीशी उभं राहून वाचली. तिसरं पान उलटून परत मागे आले. परत वाचलं.

"रफ कुठे आहे?"

"प्रॅक्टिसच्या गठ्ठ्यात टाकलं सर. मागून कोरं होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मला वाटलं कौतुकाने बघतायत, खरं सांगते. मी हसले पण. मग त्यांनी पेन काढलं, सही केली आणि मला म्हणाले, "पाकिटात घाल."

दीड महिन्याने ताम्हाणेचं कार्ड आलं. तीन ओळी. पत्र मिळालं, गोष्ट वापरायची परवानगी द्यावी, आणि "इतके नीटनेटके लिहिलेले कथन क्वचितच मिळते." मी ते कार्ड अख्ख्या वर्गाला वाचून दाखवलं. शकील म्हणाला, "म्हणजे मयेकरचं टायपिंग मुंबईला गाजलं." सरांनी उत्तर स्वतःच्या हाताने लिहिलं. एक शब्द, वापरा.

गेल्याच्या गेल्या रविवारी तो भाग लागला. पडद्यावर ताम्हाणे नाव आलं, मग खाडी, मग जळणारी होडी, आणि मी ओरडलेच, "सर, तुमची गोष्ट." काकूंनी विळी बाजूला सरकवली. शकील अँटेना सोडून खाली आला, तरी चित्र हललं नाही. सरांनी घड्याळ काढून स्टुलावर ठेवलं.

कोर्टाचा प्रसंग आला. बाई पिंजऱ्यात उभी. वकिलाने विचारलं, तो माणूस इथे आहे? आणि बाईने लगेच हात वर केला, बोट रोखलं, "यही है." धाडकन संगीत. पुढे एक हुशार इन्स्पेक्टर येतो, खरा गुन्हेगार होडीवाल्याचाच भाऊ निघतो, आणि शेवटी तो भर कोर्टात सगळं कबूल करतो. टायपिस्ट होता एक, कोपऱ्यात, एकदा दिसला. चष्मेवाला, जांभई देणारा.

सगळे टाळ्या वाजवत होते. काकू म्हणाल्या, "साळवी, आता तरी द्या हो एक नंबर. तुमचंच पोर आहे."

सर घड्याळ बांधत होते. बक्कल लागत नव्हतं. "उद्या टाईप करतो," म्हणाले.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला तेव्हा कळलं होतं. बाईने हात वर केला तेव्हाच कळलं. त्या माणसाने माझं पत्र वाचलं होतं, आणि माझ्या पत्रात कुणीच थांबलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी लवकर येऊन प्रॅक्टिसचा गठ्ठा उपसला. मे ते फेब्रुवारी, सगळे कागद वापरून झालेले, बरेचसे बंबात गेलेले. एक पान मिळालं. मागे कुणीतरी एकच ओळ चाळीस वेळा टाईप केली होती. पुढे वर एक ओळ, "वकिलाने विचारलं, जाळणारा माणूस इथे आहे का". मग अर्धं पान काही नाही. मग खाली, "ती गप्प".

सर आले तेव्हा बोर्डावर यादी आधीच लावलेली होती. आदल्या संध्याकाळी येऊन त्यांनी टाईप केली होती. नवा भाग शेवटी, सतरा नंबरला. शेरा: साक्षीदार थांबत नाही. एक नंबर रिकामा.

मी पान त्यांच्यापुढे धरलं. "सर, मी मिटवलं ते. मला वाटलं... तुम्ही तेव्हा का नाही बोललात? मी परत केलं असतं, एका दुपारचं काम होतं."

ते पानाकडे बघत राहिले. मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं, पण बोलले नाही. थांबले. त्यांनीच शिकवलं होतं.

"वाचून दाखवलं, बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "सही माझी आहे, मयेकर." आणि पानाची चौपदरी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. मग वर्गाकडे वळून, "काझी, हात खाली."

त्यानंतर गुरुवारी मी त्यांना शेवटचं बघितलं. मला आत्याकडे जायचं होतं, जयगड गाडीत खिडकीची जागा मिळाली होती. गाडी स्टँडवर उभी, कंडक्टर तिकिटं फाडत होता. समोर आमचा जिना, जिन्याखाली काशिनाथ. एवढ्यात समोरच्या रस्त्याने सर येताना दिसले. मागच्या दाराने नाही, पुढून. हातात ती मोडकी छत्री. फेब्रुवारीत, आभाळात ढगाचा ठिपका नसताना.

ते काशिनाथसमोर उभे राहिले. काशिनाथने हात पुढे केला, छत्री घेतली, उघडली, मोडकी काडी बोटाने चाचपली. वर बघून काहीतरी म्हणाला, किती वेळ लागेल वगैरे असेल. कोर्टात टायपिस्टकडे कोण बघतं, त्याला काय ओळख असणार. सर काहीच बोलले नाहीत. काशिनाथ काडी सरळ करायला लागला, मग त्याच्या लक्षात आलं असावं की हा माणूस जात नाही. त्याने हात थांबवले. सर उभेच. दोघंही तसेच. कंडक्टरने दोनदा घंटी मारली, गाडी हलली, आणि मला एवढंच दिसलं की सरांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

मी परत आले तेव्हा सर आले नव्हते. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, आणि आज किल्ली. काशिनाथ खाली बसलाय. त्याच्यामागे भिंतीला ती छत्री टेकवलेली आहे, काडी सरळ केलेली. न्यायला कुणी आलं नाही. मी सकाळपासून दोनदा जिना उतरून त्याच्यापर्यंत गेले आणि विचारलं नाही. दुसऱ्यांदा त्यानेच वर बघितलं. मला वाटलं काहीतरी बोलेल, म्हणून मी उभी राहिले. तोही गप्प. किती वेळ ते मोजलं नाही.

पावणेचार झाले. यादी बोर्डावर आहे, मी काढणार नाही. मुलांना काय सांगायचं अजून ठरलेलं नाही.

तुमच्या बाबतीत झालंय का असं? तुमच्यासमोर कुणी बोलता बोलता थांबलं, आणि तुम्ही चांगलं दिसावं म्हणून ती जागा भरून टाकली, आणि समोरच्याने त्याखाली सही पण केली? झालं असेल तर मला सांगा, पुढे तुम्ही काय केलंत.